बावन्न टक्के

तिने लाल पेनचे टोपण दातांनी काढले आणि तक्त्याच्या अकराव्या ओळीतल्या आकड्याभोवती वर्तुळ काढले. वर्तुळाची दोन टोके जुळली नाहीत, म्हणून त्यावरून पुन्हा एकदा पेन फिरवले.

"हा कुठून आला?"

टेबलापलीकडच्या सहकाऱ्याने मान वाकडी करून आकडा वाचला. संकल्पन विभागात त्याला सगळे दशांश म्हणत. चहा किती घेणार या प्रश्नाला त्याने एकदा 'शून्य पूर्णांक पाच कप' असे उत्तर दिले होते, आणि विनोद म्हणून दिले नव्हते.

"पूर्व विभागाचं परतीचं प्रमाण. शून्य पूर्णांक बावन्न."

"ते मला वाचता येतं. आला कुठून, ते विचारतेय."

"मागच्या अहवालातून."

"आणि त्या अहवालात?"

"त्याच्या मागच्या अहवालातून आला असेल, मॅडम. आकडे काय आकाशातून पडतात?"

तिने टोपण पेनला लावले, काढले, पुन्हा लावले.

घरात नळाने येणाऱ्या पाण्यापैकी जेवढे वापरून गटारात परत जाते, त्याला तिच्या खात्यात परतीचे प्रमाण म्हणत. पुस्तकात ते ऐंशी टक्के दिलेले असते. शहराच्या पश्चिमेला सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायला देणारे केंद्र चौदा वर्षे चालू होते, आणि तिथे येणारा प्रत्येक लिटर मीटरवरून जात असल्यामुळे पुस्तक उघडायची गरज पडत नसे. योजना आता पूर्वेला वाढवायची होती. जे केंद्र अजून बांधलेलेच नाही, त्याच्या दारात मीटर बसवता येत नाही. तिथे गुणाकारावर भागवावे लागते. एक लाख दहा हजार माणसे, माणशी रोजचे एकशे चाळीस लिटर, आणि त्याला गुणिले शून्य पूर्णांक बावन्न. उत्तर येत होते आठ दशलक्ष लिटर. त्यातले साडेसात कारखान्यांच्या वसाहतीला देण्याचा करार झालेला होता. उरलेल्या अर्ध्या दशलक्षासाठी पुढे पाइप नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून नकाशावरची जांभळी रेषा कारखान्यांच्या फाटकाशी थांबत होती. त्यापुढे अडीच किलोमीटरवर रोपवाटिकांचा पट्टा फिकट हिरव्या तिरप्या रेघांनी दाखवला होता. त्याखाली 'पुढील टप्पा' असे लिहिले होते. वर्ष लिहिलेले नव्हते.

त्या तिरप्या रेघांमधली एक रोपवाटिका तिच्या थोरल्या बहिणीची होती. कार्यालयात हे कोणाला माहीत नव्हते. कोणी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे तिला आजवर झोप नीट लागत होती.

"पुस्तकातलं ऐंशी का नाही धरलं?" तिने विचारले.

"कारण आपल्याकडे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. अहवालात तसंच लिहिलंय. पुस्तकापेक्षा निरीक्षण मोठं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"गुरुवारी आढावा बैठक आहे. त्याआधी मला ते निरीक्षण बघायचंय."

"तीन अहवालांत कोणी विचारलं नाही."

"म्हणूनच."

फोन वाजला. पडद्यावर 'ताई' उमटले. ती फोन घेऊन बाहेरच्या जिन्यावर गेली.

"मोजपट्टी, आहेस का कामात?"

घरात तिला हेच नाव होते. शाळेत असताना तिने आईच्या मापाच्या सगळ्या वाट्या मोजून दोन वाट्या खोट्या ठरवल्या होत्या, तेव्हापासून.

"आहे. बोल."

"बोअर आज चाळीस मिनिटांत धापा टाकायला लागली. पुढचा उन्हाळा काढत नाही ही. आणि तो गोदामवाला शनिवारपर्यंत उत्तर मागतोय. मी नाही म्हटलं तर शेजारची जागा घेणार म्हणतो. मग या रानात दुसरं कोण येतंय जागा घ्यायला?"

"मी तुला मागच्या महिन्यातच सांगितलंय, ताई."

"परत सांग. तुझ्या त्या कोरड्या पद्धतीने सांग, म्हणजे मला पटेल. तुमचं ते पाणी इथपर्यंत येणार का?"

जिन्याच्या कठड्यावर रंगाचा पोपडा सुटला होता. तिने तो नखाने उचलायला सुरुवात केली.

"या टप्प्यात नाही."

"झालं. तू नाही म्हणालीस म्हणजे नाही. सतरा वर्षांची झाडं आहेत गं, कलमं ज्यांच्यावरनं घेते ती. ती काय ट्रकमध्ये घालून नेऊ?"

"भावोजी काय म्हणतात?"

"म्हणतात गुडघा दुखतोय. त्यांचं सगळ्यावर तेच उत्तर."

ताईने फोन ठेवला. हातभर लांबीचा पोपडा जिन्यावर पडला होता. तिने तो उचलला आणि कुठे टाकावा हे न सुचून मुठीत धरूनच आत आली.

*

मंगळवारचा दिवस मागे जाण्यात गेला. तिसऱ्या अहवालातल्या आकड्याखाली बारीक अक्षरात दुसऱ्या अहवालाचा दाखला होता. दुसऱ्याने पहिल्याचा दाखला दिला होता, आणि आधाराला एका विद्यार्थ्याचा प्रबंध जोडला होता: 'स्वतंत्र अभ्यासातूनही हेच प्रमाण आढळते.' तिने प्रबंध मागवला. विद्यार्थ्याने आकडा पहिल्या अहवालातून घेतला होता. दोन बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने समासात 'सुरक्षित अंदाज' असा शेरा मारला होता आणि दुसऱ्याने त्याखाली 'सहमत'.

पहिल्या अहवालाचे तिसरे परिशिष्ट ही एका हस्तलिखित पानाची झेरॉक्स होती. सात ओळी, प्रत्येक ओळीत आत आलेले पाणी आणि बाहेर गेलेले पाणी, तळाशी सरासरी. वर शीर्षक: 'प्रत्यक्ष निरीक्षण, पूर्व विभाग, सात दिवस.'

सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ होती. अशी रेघ त्या मजल्यावर एकच व्यक्ती देत असे.

तिने पान पालथे घातले, पुन्हा सुलटे केले. दशांश बघत होता.

"ओळखीचं अक्षर वाटतंय," तो म्हणाला.

"मूळ प्रत कुठे असेल?"

"रेकॉर्ड रूममध्ये. असलीच तर."

अभिलेख कक्षातल्या बाईंनी तिला गठ्ठा काढून दिला आणि बजावले, "एकोणीस वर्षांत याला कोणी हात लावलेला नाही. धूळ तुमची, शिंका तुमच्या."

मूळ पान पिवळे पडले होते. निळी शाई मात्र कालची असावी तशी. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिला काहीतरी चमकल्यासारखे वाटले. तिने पान खिडकीशी नेऊन तिरपे धरले. कठीण शिशाच्या पेन्सिलीने, सुईसारख्या टोकाने लिहिलेल्या चार ओळी प्रकाशात वर आल्या:

चाचणी.
एकच घर.
मोजण्याची पद्धत तपासण्यापुरते.
हा आकडा वापरू नये.

संकल्पन विभागाचा रिवाज होता: जे पक्के ते शाईने, जे कच्चे ते पेन्सिलने. नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत, आणि ती तो रिवाज इतरांपेक्षा काटेकोर पाळत असे. मऊ पेन्सिल पसरते म्हणून ती बाजारात मिळेल ती सर्वांत कठीण पेन्सिल वापरी. झेरॉक्सच्या यंत्राला ती अक्षरे दिसली नव्हती. यंत्राने शाई तेवढी उचलली होती.

ती गठ्ठ्यांच्या मधल्या स्टुलावर बसली.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि ताईच्या दोन खोल्यांत राहत होती. चाळीस घरांची पाहणी मंजूर झाली होती. त्याआधी पद्धत तपासायची म्हणून तिने राहत्या घराचे सात दिवस मोजले. नळावर मीटर, आणि मोरीच्या तोंडाशी खुणा केलेले पिंप. भावोजी आंघोळीला जाताना तिला बाहेरून ओरडून सांगत, "सरकार, मी आत चाललोय, नोंद घ्या!" पुढे तिची बदली झाली. चाळीस घरांची पाहणी झाली की नाही, हे तिने कधी विचारले नाही.

आणि त्या घरात मोरीत फारसे काही जातच नव्हते. मागच्या भिंतीला लागून ताईने पत्र्याच्या डब्यांत आणि फाटक्या पोत्यांत रोपे लावायला घेतली होती. भाजी धुतलेले पाणी, कपड्यांचे शेवटचे पाणी, आंघोळीचेसुद्धा, ती बादलीने उचलून मागे नेई. "गटाराला काय तहान लागलीय?" असे तिचे म्हणणे. अठ्ठेचाळीस टक्के पाणी परतले नव्हते, ते त्या डब्यांत गेले होते. त्या डब्यांची रोपवाटिका झाली. आणि एका मोरीतले बावन्न टक्के एक लाख दहा हजार माणसांना लागू झाल्यामुळे जांभळी रेषा त्या रोपवाटिकेच्या अलीकडे अडीच किलोमीटर थांबली.

कार्यकारणाच्या साखळ्यांवर ती सहजासहजी विश्वास ठेवत नसे. तिने ही साखळी दोनदा तपासली. कुठेच तुटेना.

*

बुधवारी सकाळी सात वाजता ती आणि दशांश पूर्व विभागाच्या तोंडाशी, मुख्य मलवाहिनीच्या चेंबरपाशी उभे होते. ही कल्पना तिची होती, आणि ती चांगली नाही हेही तिला ठाऊक होते; पण कार्यालयात बसणे तिला जमले नसते. झाकण उचलणारे दोघे कामगार बाजूला झाले. तिने खुणांची काठी आत सोडली. खाली काळे पाणी चांगल्या वेगाने वाहत होते.

समोरच्या घराच्या गॅलरीतून एक बाई वाकून बघत होत्या.

"काही पडलंय का तुमचं?"

"हो," दशांश वर बघून म्हणाला. "एक आकडा."

"मिळाला की सांगा हो. वास येतोय."

त्याने उंची लिहून घेतली, वेग मोजला, पाठीवरच्या पिशवीवर वही ठेवून तिथेच गणित केले, आणि कोणी ऐकत नाही ना ते पाहून हळूच म्हणाला, "मॅडम, शून्य पूर्णांक नव्वद."

तिने काठी वर ओढून घेतली.

"सकाळची वेळ आहे. सगळं शहर याच तासात आंघोळ करतं," ती म्हणाली.

"मग थोडं कमी धरू. ऐंशी. पुस्तकातही तेवढंच आहे. हे आणि पुस्तक, दोन्ही मिळून उद्या मांडलं तर कोण नाही म्हणेल? बारा दशलक्षाच्या वर जातं. पाइप सरळ नर्सऱ्यांपर्यंत."

बारा पूर्णांक तीन. तिने ते मनात आधीच केले होते. कारखाने वजा जाता जवळजवळ पाच उरत होते आणि पट्ट्याला दोन पुरे होते. तिला तो आकडा हवा होता. इतका की तिने वहीकडे पाहिलेही नाही.

"एक सकाळ," ती म्हणाली. "मागच्या वेळी निदान सात दिवस तरी होते."

"पण हे बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे."

"आहे. आणि मला ते आवडतंय, म्हणून मी त्याला हात लावणार नाही. झाकण घाला."

परतताना गाडीत ती सिग्नलला थांबली की सीटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. दशांशने दोनदा खिडकी उघडली आणि दोनदा लावली. शेवटी म्हणाला, "एक विचारू? नर्सऱ्यांचं नाव काढलं की तुम्ही इकडेतिकडे बघता."

तिने सांगितले. त्याने खिडकी पुन्हा उघडली. मग म्हणाला, "उद्या मी मांडतो. शंका मलाच आली असं म्हणतो. तुमचं नाव यायलाच नको."

"परिशिष्टावर अक्षर कोणाचं आहे?"

"ते झेरॉक्स आहे. झेरॉक्सला कोण ओळखतं?"

"तू ओळखलंस," ती म्हणाली.

*

साहेबांच्या खोलीत दुपारी पंखा मोठ्याने फिरत होता. विभागप्रमुख म्हणून त्यांना नऊ वर्षे झाली होती, आणि या काळात त्यांनी एकही फाइल रागाने मिटली नव्हती. ते मूळ पान खिडकीकडे तिरपे धरून वाचत होते.

"तीन अहवाल, दोन परीक्षक आणि एक प्रबंध," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता, हे सगळं एका मोरीवर उभं आहे?"

"एका मोरीवर आणि एका स्वयंपाकघरावर."

"पण कमीच धरलंय ना? कमी धरण्यात धोका नसतो. उद्या केंद्र सुरू झालं आणि पाणी जास्त आलं तर आनंदच आहे."

"धोका कारखान्यांना नाही. पाइप एकदा लहान टाकला की वरचा रस्ता वीस वर्षं उकरायला मिळणार नाही. जास्त आलेलं पाणी नदीत सोडावं लागेल. स्वच्छ करून."

त्यांनी पान हलकेच टेबलावर ठेवले.

"मग दुसऱ्या कोणाला मांडू द्या. स्वतःची चूक स्वतः उभं राहून वाचायची काय गरज? तुमचं वरच्या जागेसाठी नाव गेलंय, माहीत आहे ना?" ते थांबले. "तिकडे तुमचं कोणी आहे का?"

तिने हात मांडीखाली घेतले.

"सख्खी बहीण. नर्सरी आहे तिची. घरही तिचंच, हे मोजलेलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसून झाल्यावरही हातातच ठेवला.

"म्हणजे गप्प बसलात तर बहिणीचं नुकसान. बोललात तर बहिणीसाठी बोललात."

"आकडा बहिणीमुळे चुकीचा ठरत नाही, साहेब. तो मुळातच आकडा नाही."

"हे तुम्हाला कळतं, मला कळतं. बैठकीत अकरा जण असतात."

गुरुवारी अकराच जण होते. तिने पानाचे तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र पडद्यावर लावले आणि पेन्सिलीतल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. 'एकच घर' म्हटल्यावर दोघेतिघे हसले. पुरवठा विभागाच्या प्रतिनिधीने हसतच विचारले, "घर होतं तरी कोणाचं?"

"माझ्या बहिणीचं. मी तिथे राहत होते. तिची रोपवाटिका आता 'पुढील टप्पा' लिहिलेल्या पट्ट्यात आहे. या दोन्ही गोष्टी इतिवृत्तात याव्यात."

हसणे थांबले. कोणीतरी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच लावली.

पुढचे काम वीस मिनिटांत आटोपले. आकडा रद्द. चार चेंबरमध्ये यंत्रे बसवून दोन महिने सलग मोजणी. तोवर पूर्वेचा पाइप किती मोठा आणि कुठपर्यंत, हा निर्णय खुला. मोजणी आणि संकल्पन दशांशकडे. तिचा पूर्व विभागाशी संबंध आजपासून संपला. ठराव साहेबांनीच मांडला, सौम्य आवाजात, तिच्याकडे न बघता. तो योग्यच होता. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर तिनेही तोच मांडला असता.

तक्त्याच्या अकराव्या ओळीत आता काहीच नव्हते. एकोणीस वर्षांत प्रथमच. त्या रिकाम्या चौकटीकडे पाहताना तिला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. ती पाच वाजायची वाट न बघता निघाली.

*

रोपवाटिकेच्या दाराशी भावोजी खुर्चीत बसून पाय समोरच्या पिंपावर ताणून होते.

"या सरकार," ते म्हणाले. "नोंद घ्या, गुडघा आज डावा दुखतोय."

ताई जाळीच्या सावलीत काळ्या पिशव्यांत माती भरत होती. तिने मातीच्या हातानेच तिला भरलेल्या पिशव्यांच्या रांगेशी बसायची खूण केली.

"ऑफिस सुटायच्या आधी तू? कोण वारलं?"

"कोणी नाही. ताई, मी सोमवारी तुला जे सांगितलं ते मागे घेतेय."

ताईचे हात थांबले.

ती उभ्यानेच बोलली. पिंप, मोरी, सात दिवस, पेन्सिल, तीन अहवाल. ताई मधेमधे "बरं" म्हणत होती. भावोजींनी खुर्ची दोन वेळा पुढे सरकवली.

"म्हणजे आमच्या आंघोळी सरकारी कागदावर आहेत?" ताईने विचारले.

"आजपर्यंत होत्या."

"माझ्यासुद्धा?" भावोजी म्हणाले. "मग आकडा लहानच येणार. हिने मला उभ्या जन्मात दुसरी बादली दिलेली नाही."

प्रमाण काढायला बादल्यांची संख्या लागत नाही, हे तिने सांगितले नाही. ती पिशव्यांच्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"एका जागी उभी राहा बघू," ताई म्हणाली. "आणि नीट सांग. पाणी येणार का नाही येणार?"

"माहीत नाही."

ताईने तिच्याकडे निरखून पाहिले. धाकट्या बहिणीच्या तोंडून हे दोन शब्द तिने कधी ऐकले नसावेत.

"म्हणजे 'नाही' नाही?"

"'नाही' नाही. पण 'हो'सुद्धा नाही. दोन महिने मोजणार आहेत. मग ठरेल. ठरवणाऱ्यांत मी नाही."

"पण 'नाही' नाही ना?"

"ताई, ऐक. मोजल्यावर कदाचित पन्नासच निघेल. या भागात तुझ्यासारख्या किती बायका पाणी मागे ओततात, मला काय माहीत? तसं निघालं तर पाइप तिथेच थांबेल, आणि तोवर तो माणूस शेजारची जागा घेऊन बसला असेल. बोअर तर तूच म्हणतेस उन्हाळा काढत नाही. मग ना पाणी, ना गिऱ्हाईक."

"कळलं मला."

"कळलं म्हणजे काय कळलं?"

 ताईने हात पदराला पुसले, पिशव्यांच्या ढिगावरचा फोन उचलला आणि रांगेच्या टोकाला, मोठ्या झाडांपाशी गेली. एका खोडावर तिने तळहात टेकला. तिचा आवाज मोकळ्या हवेत स्पष्ट ऐकू येत होता. कित्येक महिन्यांत तो इतका खणखणीत नव्हता.

"हां, मीच बोलतेय. शनिवारपर्यंत कशाला थांबता, आजच सांगते. जागा द्यायची नाही आम्हाला. नाही, दराचा प्रश्न नाही हो. पाणी येतंय ना इथे. अहो, खात्रीचं! माझी सख्खी बहीण तिथेच मोठ्या जागेवर आहे. तिनेच येऊन सांगितलं, आत्ता, माझ्यासमोर उभी आहे."

भावोजींनी पाय पिंपावरून खाली घेतला. ते ताईकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. तिने तो पाहिला. काही न बोलता ती बसली असती तर तो तसाच राहिला असता; निदान दोन महिने.

ती रांग ओलांडून गेली. एक पिशवी तिच्या पायाने कलंडली आणि माती सांडली.

"फोन दे."

ताईने फोन कानापासून थोडा दूर केला. "काय सांगणार आहेस त्याला?"

"तुला जे सांगितलं तेच."

"पाण्याचं नक्की नाही हे कळलं की तो दर पाडेल. मग मी कुठे जाऊ? इथे तू 'माहीत नाही' म्हणतेस आणि तिथे तो दर पाडेल."

"माहीत आहे."

"हे तेवढं माहीत आहे," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. पलीकडून बारीक "हॅलो, हॅलो" ऐकू येत होते. ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी वाटी खोटी ठरल्यावर आई बघायची तशी. मग तिने फोन तिच्या तळहातावर ठेवला. तो मातीने ओलसर झाला होता.

तिने स्पीकर लावला, कारण हे ताईच्या मागे बोलायचे नव्हते.

"मी धाकटी बहीण बोलतेय. ताईने आत्ता सांगितलं तसं मी म्हणाले नाही. इथे पाणी येईल की नाही, हे आज कोणालाही माहीत नाही, मलाही नाही. मोजणी व्हायची आहे. दोन महिने लागतील. येईल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर तुम्ही काही ठरवू नका, आणि तिनेही ठरवू नये."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. एक गाडी रस्त्यावरून गेली. ती या बाजूची की त्या बाजूची, कळले नाही. फोन कट झाला असेल म्हणून तिने पडदा समोर धरला. कट झालेला नव्हता. सेकंद पुढे सरकत होते, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि पलीकडे कोणीतरी श्वास घेत होते. ताई जवळ येऊन तिच्या खांद्याशी उभी राहिली, मातीचा हात तिला लागणार नाही इतक्या अंतरावर, आणि तीही त्या आकड्यांकडे बघू लागली.